परमुलखातली मेंढरं

खडकवाडीचा मायाप्पा करांडे परवाना काढून परमुलखात गेला तो आयुष्यात एकदाच, आणि तेही स्वतःचीच मेंढरं बघायला. ही हकिकत मला त्याच्या बायकोनं, कस्तुराबाईनं, सांगितली. काही भाग माझ्या वडिलांकडून कळला. वडील तेव्हा खडकवाडीच्या शाळेत मास्तर होते. कमलाकर मास्तर म्हणत त्यांना. गावात सरकारी कागद वाचून दाखवायचा तर लोक त्यांच्याकडंच येत.

खडकवाडी सोलापूरच्या दक्षिणेला, मुरमाड माळावर. गावाखाली एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं खालसा, म्हणजे इंग्रज सरकारचा मुलूख, आणि पलीकडं एक लहानसं संस्थान. अलीकडं मराठी, पलीकडं कानडी, आणि ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना दोन्ही येत. संस्थानचा एक नाका ओढ्याच्या उतारावर होता. तिथल्या शिपायाला चिमूटभर तंबाखू दिली की तो मान हलवायचा. एवढाच काय तो दोन राज्यांमधला व्यवहार.

धनगरांचं जाणं-येणं मात्र जुनं होतं. पावसाळ्यात पलीकडच्या काळ्या रानात चिखल होतो, मेंढरांचे खूर सडतात. म्हणून होसूरचा शिवप्पा मृग लागला की आपला कळप घेऊन खडकवाडीच्या माळावर यायचा आणि दिवाळीपर्यंत राहायचा. दिवाळी झाली की माळ वाळून जायचा. मग मायाप्पा आणि त्याचा धाकटा भाऊ भिमा आपली मेंढरं घेऊन पलीकडं उतरायचे. तिथं ज्वारीच्या काढलेल्या रानात शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घ्यायचे आणि बदल्यात धान्य द्यायचे. मायाप्पाचा बापही असाच जायचा आणि शिवप्पाचा बापही असाच यायचा.

एकोणीसशे अठ्ठावीस साली हे विस्कटलं.

त्या पावसाळ्यात खालसातल्या कुरणांवर परक्या मुलखातल्या कळपांची चराई वाढवली गेली. शिवप्पानं कुरकुर करत ती भरली. संस्थानच्या दरबारानं वरती लिहिलं, की आमच्या प्रजेवर हा बोजा का? उत्तर आलं नाही, किंवा आलं ते त्यांना पटलं नाही. दसऱ्याला नाक्यावर कागद चिकटला. खालसातून जो धनगर येईल त्यानं माणशी परवाना काढावा आणि मेंढरागणिक आकार भरावा. महिना उलटला नाही तोच दुसरा कागद आला, आणि आकार दुप्पट झाला.

मायाप्पा तो कागद बघून आला आणि थेट शाळेत गेला. पोरांना सुट्टी देऊन वडील त्याच्याबरोबर नाक्यावर गेले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"यात असं लिहिलंय," ते म्हणाले, "की तिकडे आमच्या माणसांना जी वागणूक, तीच इकडे तिकडच्या माणसांना. तिकडे कमी झालं तर इकडेही कमी होईल."

"म्हंजे शिवप्पावर बसवलं म्हनून माज्यावर बसवलं?"

"हो."

"आन शिवप्पा काय म्हनतो, माज्यावर बसवा म्हनतो?"

वडील कागद तिसऱ्यांदा वाचू लागले. नाक्यावर आता तंबाखूवाला शिपाई नव्हता. चनबसप्पा नावाचा कारकून नेमला होता. शांत, नीटनेटका माणूस. त्यानं मायाप्पाला आत बसवलं, पाणी दिलं, आणि हिशेब सांगितला. सगळी मेंढरं आत न्यायची तर त्यातली चौथाई विकावी लागली असती, आणि परतताना पुन्हा काही.

"मी काय करणार, मायाप्पा? तुमच्याकडनं कमी होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी हा कागद फाडतो."

त्या साली पाऊस लवकर तुटला होता. माळावर कुसळं उरली होती आणि मेंढ्या विणीला आल्या होत्या. वडील मायाप्पाला घेऊन सोलापूरला गेले. पहाटे निघाले, गिरण्यांचा दुपारचा भोंगा झाला तेव्हा कचेरीच्या आवारात पोचले. तिथं एका हेडक्लार्कनं अर्ज घेतला. त्याचंही बोलणं गोड होतं. हा दोन सरकारांमधला प्रश्न आहे, तो म्हणाला. पत्रव्यवहार चालू आहे. त्यांनी परवाना उठवला की आपण चराई उतरवू.

"ते म्हंतात तुमी आदी उतरवा," मायाप्पा म्हणाला.

"ते तसं म्हणणारच," हेडक्लार्क म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडं वळला.

कस्तुराबाई सांगत होती, त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी पाहिलं तर एक मेंढी विऊन कोकराशेजारी उठतच नव्हती. तिच्या आचळात दूध नव्हतं. कस्तुराबाईनं कोकरू पदरात घेतलं, शेळीला लावलं. दुसऱ्या दिवशी तशीच आणखी दोन.

शिवप्पा अजून खडकवाडीतच होता. त्याच्याबरोबर आलेला थोरला भाऊ माळावरच आजारी पडला म्हणून त्याला यंदा निघायला उशीर झाला होता. तो मायाप्पापेक्षा चार वर्षांनी मोठा, उंच, एका डोळ्यात फूल पडलेलं. दोन दिवस तो बघत होता. तिसऱ्या दिवशी तो मायाप्पाच्या वाघरीजवळ, म्हणजे मेंढरांभोवती लावायच्या जाळीजवळ, येऊन बसला.

"मायाप्पा, मी उद्या निघतो. माझी बकरी माझ्या मुलखात जाणार. मला परवाना न्हाय, आकार न्हाय."

"जा की. सुखानं जा."

"तुझी बी माझ्यासंगं दे."

धनगर मेंढरांनाच बकरी म्हणतात. मायाप्पाला आधी कळलं नाही. शिवप्पानं समजावलं. दोन्ही कळप एक करायचे. नाक्यावर सगळी शिवप्पाची म्हणून जातील. सहा-सात महिने तो चारील, आणि मृगाला येताना परत आणील. मायाप्पा आणि भिमा मात्र जाऊ शकणार नाहीत, कारण माणूस आला की परवाना आला आणि परवाना आला की मेंढरं कुणाची हा प्रश्न आला.

"नाक्यावर कान बघत्यात," मायाप्पा म्हणाला.

"व्हय. म्हनून म्हंतो."

धनगराची मेंढरं कानावरून ओळखतात. प्रत्येक घराची खूण वेगळी. मायाप्पाच्या मेंढरांचा डावा कान टोकाला चिरलेला असे. शिवप्पाच्या मेंढरांचा उजवा कान खालून तिरका छाटलेला. मायाप्पाच्या मेंढरांच्या उजव्या कानावर शिवप्पाची खूण करायची, असं शिवप्पाचं म्हणणं होतं. मग जगात कुणालाही विचारलं असतं तरी ती त्याचीच ठरली असती.

भिमा पलीकडं बसून ऐकत होता. शिवप्पा गेल्यावर तो उसळला. "दादा, येडा झालास का तू? आपल्या हातानं दुसऱ्याची खूण करायची? उद्या तो न्हाय म्हनला तर कुटल्या कचेरीत जाशील?"

"शिवप्पा न्हाय म्हनायचा न्हाय."

"आज न्हाय म्हनायचा. घरात भाऊ आजारी हाय, पोरगी लग्नाला आलीया. माणूसच हाय की तो."

कस्तुराबाई चुलीपाशी होती. दोघांनी तिच्याकडं पाहिलं. "हितं ठिवली तर मरत्यात," ती म्हणाली. "तितं निदान जगतील. कुनाची म्हनून जगत्यात ते मागनं बगू."

कान छाटायला मायाप्पा स्वतः बसला. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. कस्तुराबाई एकेक मेंढरू धरून द्यायची, तो छाटायचा, शिवप्पा हळद लावायचा. भिमा तिथं थांबला नाही. दुपारपर्यंत मायाप्पाचं धोतर रक्तानं भरलं आणि दोन्ही कानांवर दोन घरांच्या खुणा असलेला कळप ओढ्याकडं निघाला. टिकल्या नावाचं त्याचं कुत्रं मेंढरांमागं गेलं. चनबसप्पानं काही मेंढरांचे उजवे कान पाहिले, शिवप्पाचं नाव लिहिलं आणि वाट दिली. मायाप्पा अलीकडच्या काठावर उभा होता. मेंढरं पलीकडच्या चढावर गेली, धूळ बसली, तरी तो तिथंच होता.

मग नुसतं थांबणं आलं.

धनगराला मेंढरांवाचून काय करायचं ते कळत नाही. मायाप्पा सकाळी काठी घेऊन निघायचा आणि माळावरून परत यायचा. वाघर उगीचच दुरुस्त करायचा. कोण पलीकडून आलं असं कळलं की धावत जायचा. पण पलीकडून येणारंही आता कुणी नव्हतं. पाहुण्यालाही परवाना लागत होता, आणि खालसातूनही उलट काहीतरी लागणार अशी आवई उठली होती. ओढ्यावरचं धुणंही थांबलं. बायका आपापल्या काठानं खाली-वर लांब जाऊ लागल्या.

संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली. मायाप्पा आणि कस्तुराबाई घोंगडी विकायला गेले. बाजारात मैंदर्गीचा एक लोकरीचा व्यापारी भेटला. दोन्हीकडं हिंडणारा माणूस. मायाप्पानं विचारलं, होसूरकडची काय खबर?

"होसूर? तिकडं मेंढरांना देवी आल्यात," तो म्हणाला. "कातडी स्वस्त झाल्यात बघा. परवाच एका माणसाकडनं गठ्ठाच उचलला."

"कोनाकडनं?"

"नाव ठाऊक न्हाय. एका डोळ्यात फूल हाय त्याच्या."

मायाप्पाच्या हातातलं घोंगडं तसंच राहिलं. कस्तुराबाईनं विचारलं, कातड्यांना कान होते का? व्यापारी हसला. कातड्याला कान कोण ठेवतं, म्हणाला.

घरी आल्यावर भिमाला हे सांगावं की नाही यावर नवराबायको वाटभर बोलले आणि न सांगायचं ठरवलं. पण दोन दिवसांत गावभर झालंच. भिमा म्हणाला, देवी खऱ्या का खोट्या कोण बघायला गेलंय. कातडी विकली म्हणजे मेंढरं मेली असंच कशावरून, कापली नसतील कशावरून? मायाप्पा त्याच्यावर ओरडला. पण कस्तुराबाई सांगत होती, ओरडताना त्यानं भावाकडं बघितलं नाही. तेच त्याच्याही मनात आलेलं होतं, आणि ते आलं याची त्याला लाज वाटत होती.

माघ सरता सरता टिकल्या परत आलं.

कस्तुराबाई झाडत होती. कुंपणापाशी काहीतरी पडलंय असं दिसलं. कुत्रं हाडाचं उरलं होतं, मागचा पाय फाटलेला, जखमेत किडे. त्याला पाणी पाजलं तेही त्याला नीट पिता येईना. मायाप्पा आला, त्याच्याशेजारी बसला, आणि कस्तुराबाईला म्हणाला, "ह्यानं बकरी सोडली न्हायत कवा. बकरी असती तर हे आलं नसतं."

दुसऱ्या दिवशी टिकल्या मेलं. त्याच दिवशी मायाप्पानं ठरवलं, की जायचं.

नाक्यावर पाहुण्याचा परवाना मिळत होता. जत्रा, लग्न, मयत, सोयरिक अशा कामांसाठी, आठ दिवसांचा, जनावर सोबत न घेता. गड्ड्यात घोंगडी विकून आलेलं सगळं त्यात गेलं. कस्तुराबाईनं पायातल्या चांदीच्या वाळ्यांपैकी एक काढून दिला. चनबसप्पानं विचारलं, "कुटं?"

"होसूरला. पाव्हण्याकडं."

"पाव्हण्याचं नाव?"

मायाप्पानं शिवप्पाचं नाव सांगितलं. दुसरं कुठलं सांगणार? चनबसप्पानं वर पाहिलं. कागदावर शिक्का मारून दिला.

होसूरला शिवप्पाच्या घरी त्याचा भाऊ वारल्याचं कळलं. बायका रडल्या, मायाप्पाही रडला. मयताच्या घरी मेंढरं कशी विचारायची, म्हणून तो नुसता बसून राहिला. शेवटी शिवप्पाची बायकोच म्हणाली, ते खालच्या रानात आहेत, देवी आल्यापासून गावात आणत नाहीत.

शिवप्पा त्याला बघून उठला. मग शिवप्पा खोपटात गेला आणि आतून दोरीत ओवलेली एक माळ घेऊन आला. वाळलेले कान. जोडीजोडीनं ओवलेले, डावा चिरलेला, उजवा तिरका.

"तुझी मेलेली," तो म्हणाला. "मोज. माझी याच्या तिप्पट मेली. त्यांचं कान ठिवलं न्हायत, कुनाला दावायचं?"

मायाप्पानं मोजले नाहीत. त्यानं माळ हातात धरली आणि खाली बसला. आपण घरून काय काय मनात घेऊन आलो होतो ते त्याला आठवलं, असं तो पुढं कस्तुराबाईला म्हणाला. टिकल्याला लांडग्यानं फाडल्याचं शिवप्पानं सांगितलं. रात्रभर शोधलं, सापडलं नाही, मेलं असेल असं समजून सोडलं.

उरलेली मेंढरं समोरच चरत होती. बरी होती. कोकरं मोठी झाली होती. मायाप्पा उठून त्यांच्याकडं निघाला तेवढ्यात शिवप्पानं त्याचा दंड धरला. बांधावरून घोड्यावर बसून चनबसप्पा येत होता.

कुणीतरी चुगली केली होती. शिवप्पा पावसाळ्यात बाहेर गेला तेव्हा कळप केवढा होता आणि आत आला तेव्हा केवढा झाला, हे कुणीतरी दरबारात कळवलं होतं. चनबसप्पाला मोजणीचा हुकूम होता. तो उतरला, सावलीत उभा राहिला आणि मेंढरं पुढून न्यायला सांगितली. मायाप्पा बाजूला पाहुण्यासारखा उभा राहिला. डोक्यावरचा पटका त्यानं कपाळावर ओढून घेतला.

कळपातली एक म्हातारी भुंडी मेंढी चालता चालता थांबली. मान वर केली, वास घेतला. मग सरळ बाहेर पडून मायाप्पाकडं आली आणि तिनं त्याच्या मांडीत तोंड खुपसलं. तिच्यामागं दुसरी, मग चार-पाच. मायाप्पानं हात लावला नाही. हात दोन्ही पाठीमागं धरून तो आभाळाकडं बघत उभा राहिला.

"पाव्हण्याला बकरी लई वळखत्यात की," चनबसप्पा म्हणाला.

त्यानं भुंडीचे दोन्ही कान हातात घेऊन पाहिले.

"शिवप्पा, मला भांडण नको. खोटी बकरी निघाली तर सगळी सरकारजमा, तुझी बी. आणि तुला बेडी. मी पाटलाच्यात जेवून येतो. मग बिरोबाच्या देवळात चल. भंडारा उचल आणि सांग, ही बकरी माझी. धनगर भंडाऱ्यावर खोटं बोलत न्हाय हे मला ठाऊक हाय. सांगितलंस की मी कागदावर तसं लिहितो आणि जातो."

तो गेला. बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवापुढची हळद, हातात घेऊन खोटं बोलायचं म्हणजे घर बुडालं, ही दोघांचीही खात्री होती. घरात नुकतंच एक मयत झालेलं.

"मी उचलनार न्हाय," शिवप्पा म्हणाला. "बकरी जाऊ दे. बेडी घालू दे."

"उचल," मायाप्पा म्हणाला.

"खोटं कसं उचलू?"

"खोटं होनार न्हाय. मी देतो तुला."

शिवप्पानं मान हलवली. त्याच्या तोंडून कानडीच आलं. "बेड, मायाप्पा, बेड. नको. मनात परत घ्यायचं ठिवून दिलंस तर ते देनं न्हवं. देव तोंड बगत न्हाय."

मायाप्पा उठून मेंढरांत गेला. कस्तुराबाईला त्यानं नंतर सांगितलं, की तो तिथं नुसता उभा राहिला. मेंढरं एकट्याची नव्हती. निम्मी भिमाची होती. भावाची निम्मी आपण कशी देणार? आणि नाही दिली तर दोघांची सगळी जाणार, वर शिवप्पा बेडीत. त्याला वाटलं, तोंडानं द्यावी आणि मनात ठेवावी. मग शिवप्पाच्या घराचं काही वाईट झालं तर ते आपल्यावर येईल. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. पाटलाच्या वाड्याकडून घोडं खिंकाळलं तेव्हा तो भानावर आला.

त्यानं कमरेच्या पिशवीतला भंडारा काढला, भुंडीच्या कपाळाला लावला, मग शिवप्पाच्या कपाळाला लावला. शिवप्पाच्या भाषेत म्हणाला, "इवु निन्नवु." आणि मग आपल्या भाषेत, "ही तुजी. आजपासनं तुजी. माजी न्हायत."

देवळात शिवप्पानं ओंजळभर भंडारा उचलला आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, ही बकरी माझी. चनबसप्पानं त्याच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग मायाप्पाकडं. मायाप्पाचे डोळे वाहत होते. चनबसप्पानं काय ओळखलं कोण जाणे. त्यानं लिहिलं, घोड्यावर बसला आणि गेला.

मायाप्पा परवान्याचे दिवस उरलेले असतानाही दुसऱ्या दिवशी निघाला. मेंढरं कधी देणार, असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर उचललेला भंडारा खोटा झाला असता. शिवप्पानंही काही सांगितलं नाही. दोघं उरभेट घेऊन वेगळे झाले.

घरी भिमानं ऐकून घेतलं. "दिलीस?" तो म्हणाला. "माजी बी?"

"व्हय."

"मला इचारलं न्हाईस."

"येळ न्हवता, भिमा."

भिमा ओरडला नाही. तसा ओरडला असता तर बरं झालं असतं, असं कस्तुराबाई म्हणाली. त्यानं आपलं घोंगडं आणि तांब्या घेतला आणि तो सोलापूरला गेला. तिथं गिरणीत लागला. शिमग्याला आला नाही, पाडव्याला आला नाही.

ते चार महिने मायाप्पानं कसे काढले ते सांगताना कस्तुराबाई थांबत थांबत बोलायची. तो दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला गेला. वाटेत कुणी विचारलं, मेंढरं कुठं, तर म्हणायचा, न्हायत. ओढ्याकडं बघायचं नाही असा नियम त्यानं केला होता. कस्तुराबाई मात्र रोज पाण्याच्या निमित्तानं जायची. एकदा तिनं त्याला विचारलं, "तुमाला काय वाटतं, तो दील?" तो एवढा चिडला की तिनं पुन्हा विचारलं नाही. "दील म्हनू नगंस," तो म्हणाला. "त्याची हायत. त्याची हायत असं म्हन."

रोहिणी कोरड्या गेल्या. मृग लागून चार दिवस झाले तरी पलीकडून कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी गावातले लोक म्हणू लागले, शिवप्पा यंदा दुसरीकडं वळला. वडीलही तेच म्हणाले. त्यांच्या ऐकण्यात आलं होतं, की खालसातली चराई आणखी वाढणार.

आठव्या दिवशी सकाळी कस्तुराबाई ओढ्यावर होती. पलीकडच्या चढावर आधी धूळ दिसली. ती हाक मारायला मागं वळली. तेवढ्यात मेंढरंच ओरडायला लागली.

मायाप्पा आला तोवर शिवप्पा ओढ्याच्या मध्यात, घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. तो वाळला होता. मागं मेंढरं दोन्ही काठांवर पसरली होती.

"देवाला इचारायला येळ लागला," शिवप्पा म्हणाला. "देवाफुडं घेतलेली, तशीच कशी देऊ? तीनदा कौल लावला. तिसऱ्यांदा उजवा दिला, दे म्हनला." आणि त्यानं भंडारा काढून मायाप्पाच्या कपाळाला लावला. "माझी व्हती. तुला देतो."

मायाप्पा पाण्यातच बसला. कस्तुराबाईनं दोघांना हाताला धरून काठावर आणलं. दुपारी कळप वेगळे करताना दिसलं, की शिवप्पाची स्वतःची मेंढरं फार थोडी उरली होती. मायाप्पानं आपल्या कळपातली वीसेक पाठी, म्हणजे तरण्या मेंढ्या, त्याच्याकडं हाकलल्या. शिवप्पानं नको म्हटलं नाही.

भिमा परत आला नाही. मायाप्पा त्याच्या वाट्याची मेंढरं घ्यायला बोलवायला सोलापूरला गेला, चाळीत दोन दिवस राहिला. भिमा नीट वागला, जेवू घातलं, आणि मला मेंढरं नकोत, म्हणाला. तो पुढं गिरणीतच राहिला. भावांचं बोलणं सुटलं नाही, पण पूर्वीसारखं राहिलंही नाही.

परवाना आणखी दोन-तीन वर्षं चालला. मधल्या काळात पाहुण्याची फीही वाढली. शिवप्पाच्या मुलीच्या लग्नाला खडकवाडीचं कुणी जाऊ शकलं नाही. शिवप्पानं वरात गावाहून वाट वाकडी करून ओढ्यापर्यंत आणली आणि कस्तुराबाईनं अलीकडून अक्षता टाकल्या. बऱ्याचशा पाण्यात पडल्या. पुढं एका साली दोन्हीकडचे आकार एकाच महिन्यात उतरले. कोणी आधी उतरवले ते वडिलांनाही कळलं नाही. पण तोवर मायाप्पानं दिवाळीनंतरची वाट बदलली होती. तो माढ्याकडं जाऊ लागला. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला जागा करून दिली. ओढा ओलांडून मेंढरं न्यायची त्याला पुन्हा हिंमत झाली नाही. शिवप्पा मात्र पावसाळ्यात येत राहिला, त्याचे गुडघे जाईपर्यंत.

मी कस्तुराबाईला एकदा विचारलं, की त्या महिन्यांत तिला कधी वाटलं का, की मेंढरं गेली ती गेलीच.

"रोज," ती म्हणाली. "आन त्या दिशी शिवप्पा पान्यात हुबा ऱ्हायला ना, तवा बी वाटलं, आता हा काय सांगतोय कुनाला ठाऊक."